हळदीची वजाबाकी

यंत्राला हळदीकुंकू लावलं, यात सोलापूरकरांचं काहीच चुकलं नव्हतं. खंडेनवमीला या शहरात मागाची पूजा होते, शिलाई मशीनची होते, रिक्षाची होते, पिठाच्या गिरणीची होते. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी झेंडूचा हार मिळतोच. मग दाराच्या चौकटीवर बसून पोराबाळांची राखण करणाऱ्या काजव्यालाच तेवढं वगळायचं कशाला? बायकांनी बोट हळदीत बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि काजव्याच्या कपाळावर टेकवलं. काजव्याला कपाळ कुठलं, असं विचारू नका. भक्तीला ते बरोबर सापडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशावर निम्मं शहर लाल झालं.

काजवा हे त्या यंत्राचं लाडाचं नाव. पावसाळ्यात शहराच्या पूर्वेला जुन्या बॅटऱ्यांचं एक अवाढव्य गोदाम पेटलं होतं. आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि तिचा धूर शहरावर बसला. धूर विरला, पण त्यातलं शिसं कुठे जाणार? ते पत्र्यांवर, अंगणात, खिडकीच्या गजांवर बारीक धूळ होऊन उतरलं. त्या धुळीला वास नाही, आणि साध्या धुळीतून ती डोळ्याला ओळखू येत नाही. रांगतं पोर जमिनीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. शरीर बिचारं शिशाला कॅल्शियम समजतं आणि मानाने आत घेतं, हाडात नेऊन बसवतं, मेंदूपर्यंत पोचवतं. मोठ्या माणसाचं त्याने पुष्कळ बिघडतं. लहान मुलाचं जे बिघडतं ते पुन्हा दुरुस्त होत नाही.

म्हणून आगीनंतर पूर्व भागातली माणसं तंबूत नेली, आणि घरोघरी काजवे बसवून मगच त्यांना परत आणलं. काजव्याच्या तोंडावर पोस्टकार्डाएवढा एक उघडा कागद असतो. जिवाणूंना मारून, त्यांच्या पोटातली प्रथिनं बनवणारी यंत्रणा तेवढी काढून, ती वाळवून त्या कागदात भरलेली असते. तिच्यात एका जनुकावर एक प्रथिन झाकणासारखं बसलेलं असतं. शिशाचा कण आला की झाकण उघडतं, जनुक कामाला लागतं आणि निळ्या उजेडात हिरवं चमकणारं द्रव्य तयार होऊ लागतं. जितकं शिसं, तितकी चमक. डबीतली वात कागद ओलसर ठेवते, आणि एक चिमुकला कॅमेरा रोज एकदा डोळा उघडून ती चमक मोजतो आणि आकडा काजवा कक्ष नावाच्या सरकारी कचेरीकडे पाठवतो. त्या आकड्यांचा नकाशा मग प्रत्येकाच्या फोनवर. हिरवं असेल तर घरात राहा, पिवळं दिसलं तर सावध, लाल झालं तर बाहेर पडा.

तर दसऱ्याच्या सकाळी निम्मं शहर लाल. काजवा कक्षात बाहेरगावाहून आलेले तज्ज्ञ एकमेकांची तोंडं बघत होते. घरं पुन्हा रिकामी करण्याचा हुकूम टाइप होऊन सहीसाठी टेबलावर आला होता. तेवढ्यात डॉ. शैलजा हत्तुरे तिथे आली, तिने दारांवरच्या काजव्यांचे फोटो बघितले आणि खो खो हसत सुटली.

"अहो, हळद आहे ती!"

शैलजा सोलापूरचीच. शिकायला बेंगळुरूला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि आगीनंतर आपल्या गावासाठी म्हणून परत येऊन या कक्षात रुजू झाली. हळदीतलं पिवळं द्रव्य निळ्या उजेडात हिरवट चमकतं, हे तिला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. खंडेनवमीला सोलापूर काय करतं, हे मात्र तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने दुपारपर्यंत दुरुस्ती लिहून काढली. नकाशावर मागांच्या वस्त्यांभोवती एक रेघ मारली आणि त्या रेघेच्या आत खंडेनवमीनंतर जेवढी चमक वाढेल, तेवढी रोज वजा होईल अशी सोय केली. नवे कागद येईपर्यंत ही वजाबाकी चालू राहणार होती. नकाशा पुन्हा हिरवा झाला. हुकूम फाडला गेला. संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी तिला गाठलं. "आपल्या बायकांनी यंत्रालाही सवाष्ण केलं," असं ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली आणि सगळ्यांबरोबर मनमोकळं हसली. ते हसणं घराघरात दिसलं. गावाला एकदाची आपली शहाणी लेक मिळाली होती.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिला नागमणीचा फोन आला.

नागमणी बोद्धूल ही शैलजाची शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन ती जळक्या गोदामामागच्या विणकर गल्लीत राहत होती. नवरा व्यंकटेश मागावर, सासू नरसव्वा घरात, आणि नुकती बोलायला लागलेली लेक, चिन्नी. धाकटा दीर अंबादास त्या गोदामात हमाल होता. आगीतून तो परत आला नाही, आणि त्याला काढायला आत गेलेला शेजारचा सिद्रामही नाही.

"शैला, चिन्नी जेवतच न्हाई गं," नागमणी म्हणाली. "पोट दुखतंय म्हणती. दिवसभर नुसती किरकिर करायलीय. येऊन बघ की जरा. डॉक्टर न्हवं तू?"

"अगं, मी तसली डॉक्टर नाही."

"कसली का असंना. ये."

शैलजा दुपारी गेली. वाटेत दारादारांवर दसऱ्याची वाळलेली तोरणं अजून लटकत होती आणि काजव्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. ती बघून तिला मनातल्या मनात गोड वाटत होतं. एका पोलिसाने तिला ओळखून नमस्कारही केला.

विणकर गल्लीच्या तोंडाशी तिला थांबावं लागलं. गोदामाचा जळका मलबा भरलेले ट्रक एकामागून एक गल्लीच्या मागच्या रस्त्याने चालले होते. ताडपत्र्या नावाला होत्या. खड्ड्यात चाक गेलं की ट्रक हलायचा आणि काळपट भुकटी हवेत उडायची.

नागमणीने तिला बघून चिन्नीला तिच्या मांडीवर दिलं आणि चहा टाकायला गेली. पोर कोमेजलेलं होतं. "बग, मावशी आली," नागमणी आतून म्हणाली. "मावशीमुळं आपलं परत तंबूत जायचं वाचलं. न्हाईतर हे सगळे दिस चिखलात गेले असते." शैलजा कौतुकाने हसली आणि सवयीने खिशातली निळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढून दारावरच्या काजव्यावर धरली.

हळदीची चमक बोटाएवढी असते. जिथे बोट टेकलं तिथेच. हा कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा हिरवा पेटला होता.

"तू काजवा पुसलास का गं?" तिने विचारलं. "हळद दिसत नाही."

"हळद कुठनं येणार?" नागमणी चहाचे कप घेऊन बाहेर आली. "आम्ही कुठं दसरा केलाय ह्या वर्षी?"

शैलजाने मान बाहेर काढून गल्लीत बघितलं. एकाही दारावर तोरण नव्हतं.

"गल्लीत कोणीच नाही केला?"

"कसा करतील? दोघं गेली न्हवं गल्लीतली. मागाला फूल वाहिलं न्हाई कुणी. तू व्हतीस की तवा, सासूजवळ बसली व्हतीस. तुझ्यासमोरच ठरलं."

खरंच ती होती. ही माणसं तंबूतून घरी परतल्यावर भेटायला आली तेव्हा नरसव्वाचा हात हातात घेऊन ती याच उंबऱ्यापाशी बसली होती. घरात माणूस गेलं की त्या घरात वर्षभर सण नाही. पण या गल्लीत भिंतीला भिंत लागलेली, दोन घरचं दुःख ते सगळ्यांचंच. म्हणून थोरल्यांनी ठरवलं होतं की या वर्षी गल्लीतच सण नाही. ते ऐकून शैलजाने मान डोलावली होती, डोळे पुसले होते. आणि नंतर थंडगार खोलीत बसून नकाशावर रेघ मारताना ही गल्ली तिने बिनदिक्कत त्या रेघेच्या आत घेतली होती. मागांची वस्ती, म्हणजे पूजा झाली असणारच. तिला आठवलंच नाही. आठवायला हवं होतं, असंसुद्धा तिच्या मनात आलं नाही, इतकी ती त्या दिवशी स्वतःवर खूश होती.

"हे ट्रक कधीपासून इथून जातात?" तिने विचारलं.

"दसऱ्याच्या मिरवणुकीला मोठा रस्ता बंद केला ना, तवापासनं हितनंच. त्यांना जवळ पडतंय."

काजवे खरं सांगत होते. रोज सांगत होते. आणि रोज ती ते वजा करत होती.

मांडीवरच्या चिन्नीने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं. शैलजाने ते हळूच सोडवलं. आता बोलायला हवं होतं. नागमणी समोरच बसली होती, चहा निवत होता, आणि तोंडातून एक वाक्य निघायचा अवकाश होता. पण टीव्हीवरचं ते हसू, पोलिसाचा नमस्कार, कक्षातल्या टाळ्या असं सगळं एकदम आडवं आलं आणि ते वाक्य काही बाहेर येईना.

"काही नाही गं," ती हसून म्हणाली. "पोटाची साथ आहे सध्या. असं कर, चिन्नीला घेऊन आठवडाभर आईकडे जा. हवापालट होईल. आजच जा."

"आन् गल्लीतली बाकीची पोरं? ती पण किरकिर करायलीत."

"साथच ती. उतरेल. तू मात्र जा."

गोड बोलून ती निघाली. रिक्षात बसल्यावर तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने रिक्षावाल्याला दोनदा पत्ता चुकीचा सांगितला.

कक्षाचे प्रमुख प्रभुणे सर शांत स्वभावाचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि दार लावून घेतलं.

"ट्रक मी आत्ता थांबवतो," ते म्हणाले. "वजाबाकी तू काढून टाक. पण एकदम नको. आज पिवळा, परवा लाल. कारण म्हणून वाऱ्याची दिशा बदलली असं लिहू."

"पण सर, वारा नाही, मी..."

"शैलजा, उद्या हे बाहेर पडलं तर तुझं नाक कापलं जाईल, ते सोड. लोक काजव्यावर विश्वास ठेवायचे बंद होतील. मग पुढच्या वेळी खरोखरचं लाल दिसलं तरी कोणी घर सोडणार नाही. तुझ्या प्रामाणिकपणाची किंमत सगळ्या शहराने का द्यायची?"

युक्तिवाद वजनदार होता. त्यात खोट काढायला शैलजाला जमलं असतं, पण तिने काढली नाही. उलट तिच्या जिवात जीव आला. अगदी खरं सांगायचं तर तिला सरांचे आभार मानावेसे वाटले. तिने संगणकावर विणकर गल्ली पिवळी केली, आणि घरी जाऊन जेवली सुद्धा. आईने विचारलं, "एवढी गप्प का गं?" तर म्हणाली, "दमले."

सकाळी उठल्यावर पहिला विचार आला तो नागमणी माहेरी पोचली असेल हा. त्याचा हात धरून दुसरा आला, की बाकीची मुलं तिथेच आहेत. तिने तोंड धुतलं आणि सरळ गल्ली गाठली. काय करणार ते तिने ठरवलं नव्हतं. बहुधा नुसतं बघून येणार होती.

ट्रक बंद झाले होते. गल्लीतली मुलं रिकाम्या रस्त्यावर उतरून त्याच भुकटीत बोटांनी रेघोट्या ओढत होती. फोनवर पिवळं दिसतंय याची कोणालाच फिकीर नव्हती, कारण पिवळं अधूनमधून दिसायचंच. आणि नागमणीच्या दारात चिन्नी बसली होती, मुठीत काहीतरी घट्ट धरून.

"तू गेली नाहीस?" शैलजा जवळजवळ ओरडलीच.

"कशी जाऊ?" नागमणी हात पुसत बाहेर आली. "साथ हाय म्हणालीस. आईकडं भावाची दोन लेकरं हायत, त्यातलं एक पाळण्यातलं. आपलं दुखणं नेऊन त्यांच्या घरात सोडू का? मी आईला सांगितलं, चिन्नी बरी हुईपर्यंत येत न्हाई."

खरं सांगितलं असतं तर हे पोर काल संध्याकाळीच इथून निघालं असतं. एका खोट्याने तिने त्याला या उंबऱ्यावर बसवून ठेवलं होतं, आणि तेही नागमणीच्या चांगुलपणाच्या दोरीने बांधून. लाज वाटणं म्हणजे काय, हे तिला आजवर माहीतच नव्हतं असं वाटलं. आजवर जे वाटलं होतं ते फार तर संकोच.

तिने चिन्नीला उचललं, तिची मूठ उघडून आतली भुकटी झटकली आणि तशीच अंगणात उभी राहून बोलायला लागली. आधी नागमणीशी, मग मागांचा खडखडाट थांबवून बाहेर आलेल्या पुरुषांशी, मग दारादारांत उभ्या बायकांशी. साथ नाही, ट्रकमधून उडालेल्या भुकटीतलं शिसं आहे. काजव्यांनी दसऱ्यापासून सांगितलं. मी ते हळद समजून पुसून टाकलं. इथे सण झाला नाही हे मला माहीत होतं, माझ्यासमोर ठरलं होतं, मी विसरले. काल कळलं तरी बोलले नाही. पिवळा रंगसुद्धा खोटा आहे, ही गल्ली लाल आहे. मुलांना घेऊन आत्ता निघा.

बोलताना तिने एकदाही मान वर केली नाही.

मग सिद्रामचा भाऊ पुढे झाला. "तवा यंत्र हिरवं सांगत होतं, तुमी राहा म्हणालाव. आता लाल म्हणताव. कशावरनं खरं धरायचं ओ? घटकाभरानं परत दुसरंच सांगशीला." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, जागा बळकावायचा डाव असंल. कोणी म्हणालं, हातातलं काम झाल्यावर बघू. मागे कुणीतरी माग पुन्हा सुरू केला. प्रभुणे सर म्हणाले होते ते डोळ्यांसमोर घडत होतं, आणि शैलजाकडे दाखवायला दुसरा कुठलाच पुरावा नव्हता. तिच्या खिशातली निळी बॅटरी आता त्यांच्या लेखी खेळणं होती.

एवढा वेळ नरसव्वा उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिने फक्त सुनेकडे बघितलं.

नागमणी पुढे आली आणि तिने चिन्नीला शैलजाच्या कडेवरून काढून घेतलं. पोराचे हात स्वतःच्या पदराला पुसले. मग ती शेजाऱ्यांकडे वळली.

"ही आज खरं बोलायलीय," ती म्हणाली. "काल माज्याशी खोटं बोलली, तवा डोळ्यात बघून बोलली, किती ग्वाड बोलली. आज बगा तिच्याकडं. असलं तोंड करून कोण खोटं बोलतंय?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. लोकांनी आपल्याकडे बघावं असं शैलजाला लहानपणापासून फार वाटायचं. आत्ता मात्र जमीन दुभंगली तर बरं, असं तिला झालं. तिने हात चेहऱ्याकडे नेला आणि अर्ध्यातच खाली घेतला. त्यांना बघायलाच हवं होतं. तिच्यापाशी आता खात्रीचं मापक तेवढं एकच उरलं होतं.

"माग बंद कर रं," नरसव्वा म्हणाली. "आधीच दोन दिलीत आपण."

खडखडाट थांबला. मग गल्ली भराभर बांधली गेली. एकदा घर सोडलेल्या माणसांना दुसऱ्यांदा काय घ्यायचं ते विचारावं लागत नाही. अंथरुणं, भांडी, औषधं, मुलं. शैलजाने प्रभुणे सरांना फोन लावला, सगळ्यांसमोर मी सांगितलंय एवढंच कळवलं आणि रक्त तपासणारी गाडी शाळेच्या मैदानावर पाठवायला सांगितली. ते पलीकडून काही बोलत होते, पण तिने फोन ठेवून दिला. नागमणीचं गाठोडं दाराशी पडलं होतं. ते उचलायला ती वाकली.

"राहू दे," नागमणी म्हणाली.

"अगं, मी घेते ना."

"राहू दे म्हणलं न्हवं. आमचं आमी उचलताव." नागमणीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चिन्नीच्या रक्तात काय निघंल ते निघंल. त्याचं काय ते मी नंतर तुला इचारीन. आता तू पुढं हो. वाटंत माणसं इचारतील, सणाच्या तोंडावर कुठं निघालाव म्हणून. आमी कुणाला काय सांगायचं न्हाई. तूच सांग. परत्येकाला सांग."

शैलजा पुढे झाली. मागून सगळी गल्ली चालू लागली.

कोपऱ्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्याने एवढी माणसं बघून स्टोव्ह बारीक केला. "काय ओ, दिवाळी दारात आन् गल्ली कुठं निघाली सगळी?"

शैलजाने मागे वळून बघितलं. सगळे थांबले होते. कोणीही तिच्यासाठी तोंड उघडणार नव्हतं.

"आमच्या..." तिने सुरुवात केली आणि थांबली. तो शब्द तिचा नव्हता. "यांच्या गल्लीत ट्रकच्या भुकटीतलं शिसं आहे. काजव्यांनी सांगितलं होतं. मी ते दाबलं. चूक माझी आहे."

टपरीवाला तिच्याकडे निरखून बघत राहिला. "म्हंजे त्या दिवशी टीव्हीवर हसत होत्या, त्या तुमीच का?"

"हो. मीच."

"आमचं घर ह्याच्या मागंच हाय. आमच्यात पूजा झाली, हळद लावली. नकाशावर हिरवं हाय." त्याचा हात स्टोव्हवरच थांबला होता. "आमची पोरं ट्रकच्या त्याच रस्त्यावर खेळत्यात, बाई. आमचं हिरवं खरं हाय का?"

होय म्हणणं किती सोपं होतं. काल तिने म्हटलं असतं.

"मला माहीत नाही," शैलजा म्हणाली. "तुमचंही मी वजा केलंय. मुलांना घेऊन यांच्याबरोबर चला."

त्याने स्टोव्ह विझवला आणि बायकोला हाक मारली. पुढच्या चौकात आणखी माणसं घराबाहेर येऊन या बाजूला बघत उभी होती. त्यातल्या काहींनी तिला लांबूनच ओळखलं असावं, कारण एक बाई हसून हात हलवत होती.

"चल की," नागमणी मागून म्हणाली. "थांबलीस का?"